वाटाड्या आणि भोंगा

गेल्या दिवाळींत आमच्या पुतण्यानें नवी मोटार घेतली. घरांत माणसें चौदा आणि मोटारींत जागा पांचांची; तेव्हां पहिल्या फेरींत कोणीं बसावें हा प्रश्न साहजिकच निघाला. थोरल्या वहिनींनीं, "मला मेलीला गाडी लागते," असें सांगून स्वतःचें नांव काढून घेतलें आणि बाकीच्यांचा निकाल वयाच्या दोन्ही टोकांकडून लावला. त्यामुळें उरलेल्यांत वडील म्हणून मी आणि सर्वांत धाकटा म्हणून माझा सात वर्षांचा नातू असे दोघे शेजारीं शेजारीं बसलों. मोटार दिल्ली दरवाजाच्या बाहेर पडते न पडते तोंच समोरच्या काचेच्या पाटींतून एक मृदु स्त्रीस्वर उमटला, "दोनशें मीटरांवर डावीकडे वळा." नातवानें आसनाखालीं वांकून पाहिलें, मागें पाहिलें आणि माझा सदरा ओढून विचारलें, "आजोबा, ही बाई कुठें बसली आहे?"

पुतण्या हंसला. मला मात्र हंसूं आलें नाहीं, कारण उत्तर मलाही येत नव्हतें. उभा जन्म शाळामास्तरकींत गेला. "आज ठाऊक नाहीं, उद्यां सांगतों," असें म्हणण्याची मला लाज वाटत नाहीं. पण तो उद्यां मीं कधीं टळूं दिला नाहीं. पुतण्याकडून इतकें कळलें कीं, हें गाणारें व वाट दाखविणारें यंत्र हार्मन नांवाच्या कारखानदारांचें असून त्यांचा एक कारखाना आपल्या शेजारच्या पुणें जिल्ह्यांत चाकण येथें २०१४ सालापासून चालूं आहे. नगरहून (जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तरी आमच्या पिढीच्या जिभेला जुनें वळण सुटत नाहीं) पुण्याच्या रस्त्यानें शिरूर, शिक्रापूर करीत जावें आणि तेथून उजवीकडे वळावें कीं चाकण आलें. इतक्या जवळ तयार होणाऱ्या वस्तूचा इतिहास आपणांस ठाऊक नसावा हें बरें वाटेना. म्हणून पुढचे पंधरा दिवस वाचनांत घालविले. त्यांत जें हातीं लागलें, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

मोटारींत बसून गाणें ऐकावें ही हौस जवळजवळ रेडिओइतकीच जुनी आहे. १९३० सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरच्या पॉल गॅल्विन या कारखानदारानें आपल्या मोटारींत रेडिओ बसविला, ती हांकीत तो अटलांटिक सिटी येथें रेडिओ-कारखानदारांच्या संमेलनास गेला आणि आंत जागा नसल्यामुळें रस्त्यावरच मोटार उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्यांस गाणें ऐकवूं लागला. त्यानें आपल्या यंत्राला ठेवलेलें 'मोटोरोला' हें नांव पुढें जगप्रसिद्ध झालें. युरोपांत १९३२ सालीं जर्मनीच्या ब्लाउपुंक्ट कंपनीनें पहिला मोटार-रेडिओ काढला. या नांवाचा अर्थ 'नीलबिंदु'. तपासणींत उतरलेल्या मालावर निळा ठिपका चिकटविण्याची त्यांची रीत होती. गिऱ्हाइकें दुकानांत जाऊन निळा ठिपकाच मागूं लागलीं आणि अखेर ठिपक्याचेंच नांव कारखान्यास मिळालें. गाण्यामुळें हांकणाराचें चित्त विचलित होईल, तेव्हां या यंत्रांस बंदी करावी, असे प्रस्ताव त्या काळींही अमेरिकेंत कांहीं ठिकाणीं आले होते. म्हणजे आज आपण मोबाइलविषयीं जें बोलतों, तें नवें नाहीं.

हार्मन मंडळींची कथा यानंतर वीस वर्षांनीं सुरू होते. सिडनी हार्मन हा १९१८ सालीं कॅनडांत जन्मलेला, पदार्थविज्ञान शिकलेला गृहस्थ. न्यूयॉर्कमध्यें ध्वनिवर्धक यंत्रें करणाऱ्या एका पेढींत तो व्यवस्थापक होता आणि बर्नार्ड कार्डन तेथेंच मुख्य यंत्रज्ञ होता. १९५३ सालीं दोघांनीं नोकरी सोडली, प्रत्येकीं पांच हजार डॉलर घातले आणि 'हार्मन-कार्डन' ही कंपनी काढली. त्या काळीं चांगलें संगीत घरीं ऐकावयाचें तर लहरी पकडणारें यंत्र एक, आवाज वाढविणारें दुसरें, सूर कमीजास्त करणारें तिसरें, असा संसार मांडावा लागे, आणि त्यांच्या तारा जोडण्यास जाणता मनुष्य लागे. या दोघांनीं १९५४ च्या सुमारास हीं सर्व अंगें एका पेटींत घातलीं. विद्येचें ओझें कारागिरानें वाहावें आणि ऐकणारानें नुसता कान द्यावा, हा त्यामागचा विचार. कार्डन थोड्याच वर्षांत निवृत्त झाला. हार्मननें व्याप वाढवीत नेला. १९६९ सालीं कर्ण्यांसाठीं नांवाजलेली जेबीएल ही कंपनी त्याच्याकडे आली.

या गृहस्थाविषयीं मला आपलेपणा वाटूं लागला तो मात्र दुसऱ्याच एका कारणानें. अमेरिकेच्या व्हर्जिनिया प्रांतांत प्रिन्स एडवर्ड नांवाचा एक परगणा आहे. गोऱ्या व काळ्या मुलांनीं एकत्र शिकावें असा न्यायालयाचा निर्णय झाला, तेव्हां तो पाळण्यापेक्षां शाळाच नकोत, असें म्हणून तेथील अधिकाऱ्यांनीं १९५९ सालीं सर्व सरकारी शाळांना कुलपें घातलीं. तीं १९६४ पर्यंत निघालीं नाहींत. गोऱ्यांच्या मुलांची खासगी सोय झाली. काळ्यांचीं मुलें तशींच राहिलीं. अशा मुलांना शिकविण्यास हा कारखानदार वर्षभर तेथें जात असे. पैसा मिळाल्यावर शाळेला देणगी देणारे पुष्कळ असतात. स्वतः खडू हातीं धरणारे थोडे.

आतां भोंग्याची गोष्ट. टेनेसी प्रांतांत बोलिव्हर या लहान गांवीं हार्मनचा मोटारींचे आरसे करण्याचा एक कारखाना होता. त्यांत घासण्या-चकाकविण्याचें खातें सर्वांत कष्टाचें व धुळीचें. तेथें बहुतेक काळे कामगार असत. रात्रपाळीला दहा वाजतां भोंगा वाजे आणि कामगार चहाकॉफीसाठीं दहा-पंधरा मिनिटें मोकळे होत. एका रात्रीं भोंगा बिघडला. अधिकाऱ्यांनीं ठरविलें कीं, दहा मिनिटांनीं दुसरा भोंगा वाजावयाचाच आहे, तर आज सुटी त्यावर द्यावी. तेव्हां एक वयस्क कामगार हातांतलें काम ठेवून उठला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा कीं, मी भोंग्याचा चाकर नाहीं, भोंगा माझा चाकर आहे. दहा वाजले हें मला सांगणें हें त्याचें काम. तें त्याला जमत नसेल तर माझ्या मनगटावर घड्याळ आहे. असें म्हणून तो सुटीवर गेला, आणि कारखान्यांत मोठी गडबड झाली.

दुसरा एखादा मालक असता तर त्यानें त्या कामगारास घरीं बसविलें असतें. हार्मननें तसें केलें नाहीं. त्या म्हाताऱ्याचें बोलणें त्यानें पुढें जन्मभर लोकांस सांगितलें, आणि १९७० नंतरच्या वर्षांत कामगारांच्या संघटनेला बरोबर घेऊन त्याच कारखान्यांत नवा प्रयोग आरंभिला. काम कसें करावें हें कामगारांनींही ठरवावें, नेमून दिलेलें काम लवकर संपलें तर उरलेला वेळ त्यांचा, आणि त्या वेळांत शिकावयाचें असेल तर कारखान्यांतच वर्ग. प्रयोगास अडचणीही आल्या. लवकर घरीं जाण्याच्या घाईंत कामाची ओढाताण होऊं लागली, आणि पुढें तो कारखाना दुसऱ्यांच्या हातीं गेला. १९७७ सालीं हार्मन अमेरिकन सरकारच्या व्यापार खात्यांत वरिष्ठ अधिकारी झाला, तेव्हां त्यास कंपनी विकावी लागली. १९८० सालीं तिचा मोठा भाग त्यानें परत विकत घेतला. तरीही भोंगा कोणाचा चाकर, हा प्रश्न जो एकदां विचारला गेला तो कांहीं पुसला गेला नाहीं.

ही हकीकत वाचून मीं पुस्तक मिटलें आणि बराच वेळ ओटीवर बसून राहिलों. कारण मला माझी घंटा आठवली.

मी नोकरीस होतों त्या शाळेंत भोवतालच्या वस्त्यांवरून मुलें पायीं येत. पावसाळ्याचे दिवस होते. शेवटचा तास संस्कृतचा आणि मी धातुरूपें घेत होतों. शाळा सुटण्यास वीस मिनिटें उरलीं असतां मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, वर डोंगरांत पाऊस दिसतोय. आमच्या ओढ्याला पाणी येईल. जाऊं का?" मीं खिडकींतून पाहिलें, आमच्याकडे ऊन पडलेलें. मुलें निमित्तें काढतात हा अनुभव गांठीशीं होता. मीं म्हटलें, "घंटा होऊं दे." तो खालीं बसला. घंटा झाली, मुलगा धांवत गेला, आणि ओढ्यापाशीं पोंचला तेव्हां पाणी दोन्ही थड्या भरून वाहत होतें. ती रात्र त्यानें अलीकडच्या मारुतीच्या देवळांत काढली. त्याची आई पलीकडच्या थडीवर कंदील घेऊन पहांटेपर्यंत उभी होती. हें त्यानें मला सांगितलें नाहीं. त्याच्या वस्तीवरच्या दुसऱ्या मुलानें सांगितलें. तो मात्र दुसऱ्या दिवशीं घंटेच्या आधीं वर्गांत हजर होता आणि विचारल्यावर त्यानें धातुरूपें बिनचूक म्हटलीं.

त्या ओढ्याचें ज्ञान असलेला मनुष्य त्या वर्गांत एकच होता, आणि तो बारा वर्षांचा होता. मी त्याच्याऐवजीं घंटेचें ऐकलें.

असो. आतां नातवाच्या प्रश्नाकडे वळतों. ती वाट सांगणारी बाई बसते तरी कोठें?

वाट दाखविणारें यंत्र मोटारींत आणण्याचा पहिला मोठा उद्योग जपानांत झाला. १९८१ सालीं होंडा कंपनीनें अल्पाइन या मोटार-रेडिओवाल्यांच्या साह्यानें एक यंत्र काढलें. तें आकाशाकडे पाहत नसे. मोटार किती धांवली व किती वळली याचा हिशेब ठेवून एका पारदर्शक नकाशावर ठिकाण दाखवी. डोळे मिटून आपल्याच वाड्यांत पावलें मोजीत चालावें, तसा हा प्रकार. एक पाऊल चुकलें कीं पुढचीं सर्व चुकणार. खरी सोय झाली ती अमेरिकेनें अवकाशांत सोडलेल्या उपग्रहांमुळें. सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे निदान चोवीस उपग्रह लागणारी ही योजना १९९५ सालीं पूर्ण झाली. मूळ हेतु लष्करी. म्हणून सामान्य लोकांस मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम थोडी चूक घालीत, ती २००० सालच्या मे महिन्यांत काढून टाकण्यांत आली आणि तेव्हांपासून हें ज्ञान सर्वांच्या उपयोगाचें झालें.

यांतील मर्म आपल्या वाचकांस चटकन उमजेल, कारण आपल्याकडे लग्नमुंजींत घटिकापात्र पाहिलेले लोक अजून हयात आहेत. तळाशीं बारीक भोंक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली कीं एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटें, झाली. उपग्रह म्हणजे आकाशांत टांगलेलीं घटिकापात्रेंच होत. मात्र तीं कमालीचीं अचूक. प्रत्येक उपग्रह "मी अमुक ठिकाणीं आहें आणि माझ्याकडे आतां इतके वाजले" एवढेंच अखंड सांगत असतो. तो निरोप प्रकाशाच्या वेगानें, सेकंदाला सुमारें तीन लक्ष किलोमीटर, खालीं येतो. निरोपास किती वेळ लागला यावरून उपग्रह किती दूर हें कळतें, आणि अशा चार उपग्रहांचे निरोप जुळले म्हणजे आपण कोठें आहोंत हें निश्चित होतें. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर ठिकाण तीनशें मीटरांनीं चुकतें. म्हणजे हें यंत्र काळ मोजून स्थळ सांगतें. बाकीचें काम मोटारींतल्या नकाशाचें आणि त्या शिकविलेल्या आवाजाचें. बाई कोठेंच बसलेली नाहीं. घड्याळें आहेत आणि नकाशा आहे.

हार्मनकडे ही विद्या आली ती जर्मनीतील बेकर या कंपनीच्या द्वारें. माक्स एगोन बेकर यानें युद्धाच्या शेवटच्या वर्षीं, १९४५ सालीं, ती स्थापिली, आणि १९५३ सालीं स्वतःच केंद्र शोधून थांबणारा मोटार-रेडिओ काढून नांव मिळविलें. १९९५ सालीं हार्मननें ती विकत घेतली. तेव्हांपासून गाणें, नकाशा व दूरध्वनि हीं एकाच पाटींत येऊं लागलीं. १९५४ सालीं घरच्या तीन पेट्यांची एक पेटी करणारी युक्तीच हार्मनच्या कंपनीनें आतां मोटारींत चालविली. हार्मन २०११ सालीं, ९२ वर्षांचा होऊन वारला. २०१७ सालीं दक्षिण कोरियाच्या सॅमसंगनें सुमारें आठ अब्ज डॉलर देऊन सगळी कंपनी घेतली. त्याच कंपनीच्या चाकणच्या कारखान्यांत आज आपल्याच भागांतलीं मुलें काम करतात.

येथवर मीं नातवास व पुतण्यास सांगितलें, तेव्हां थोरल्या वहिनी जवळच लसूण सोलीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, तुमचीं घड्याळें आकाशांत आहेत तें ठीक, पण पाणी जमिनीवर असतें." वहिनींचें माहेर अकोले तालुक्यांतलें. त्या काय म्हणतात तें आम्हां सर्वांस समजलें.

२०२१ सालच्या जानेवारींतली गोष्ट आहे. पुण्याकडचे तिघे जण कळसूबाईस जाण्यासाठीं रात्रीं मोटारीनें निघाले होते. मोबाइलवरच्या नकाशानें त्यांना कोतूळहून अकोल्यास जाणारी जवळची वाट दाखविली. त्या वाटेवरचा पूल पिंपळगांव खांड धरणाच्या पाण्यांत गेलेला होता. असें तेथें वर्षांतून कांहीं महिने होतें आणि भोवतालच्या पोराबाळांनाही तें ठाऊक असतें. नकाशावर मात्र पूल होता, रस्ता होता, अंतर कमी होतें. अंधारांत मोटार सरळ पाण्यांत गेली. दोघे पोहून कांठास लागले; मोटार हांकणारा बुडाला. आपल्याच जिल्ह्यांत, आपल्याच मुळा नदीवर हें घडलें.

नकाशानें असत्य सांगितलें नव्हतें. पूल तेथें होताच. उपग्रहांचीं घड्याळेंही चुकलीं नव्हतीं. पण पाणी केव्हां चढतें हें त्या घड्याळांना कळत नाहीं. तें थडीवरच्या माणसास कळतें. त्या रात्रीं कोणी भेटता आणि त्याला विचारलें जातें, तर एक घर उघडें पडतें ना. हें वाचतांना माझ्या डोळ्यांसमोर मागच्या बांकावरचा तो मुलगा पुनः उभा राहिला.

कालिदासाच्या मेघदूतांत यक्ष मेघास रामगिरीपासून अलकेपर्यंतची वाट सांगतो. वाटेचें असें सविस्तर वर्णन आमच्या वाङ्मयांत दुसरें क्वचित् सांपडेल. परंतु त्यांत तो नुसतें अंतर सांगत नाहीं. थकलास तर कोठें विसांवा घे, कोठलें पाणी पी, आणि वांकडी वाट झाली तरी उज्जयिनी चुकवूं नको, असें सांगतो. वाट सांगणें म्हणजे काय, तें यावरून ध्यानीं यावें. यंत्र वाट दाखवितें. वाट सांगण्याचें काम अजून माणसाकडेच आहे.

गेल्या माघांत वहिनींच्या भाचेनातवाची मुंज अकोल्यास होती. आदल्या दिवशीं आम्ही संध्याकाळीं निघालों. मोटारीच्या भयानें कधीं न बसणाऱ्या वहिनी माहेरच्या ओढीनें, आल्याचा तुकडा तोंडांत धरून, पुढच्या आसनावर बसल्या. वाटाड्याबाई आपलें काम चोख करीत होती. आळेफाटा मागें पडला, दिवेलागण झाली, तशा वहिनी म्हणाल्या, "थांबव रे. त्या चहावाल्याला विचार." पुतण्या म्हणाला, "काकू, इथें सगळें दिसतंय, विचारायचं काय?" वहिनी बोलल्या नाहींत. त्यानें माझ्याकडे पाहिलें. मीं म्हटलें, "घंटेआधीं विचारायला उभा राहिलेला एक मुलगा मीं खालीं बसविला होता. तूं थांब."

तो थांबला. चहावाल्यानें आमच्या पाटीवर नजर टाकली. म्हणाला, "रस्ता बरोबर हाये. पण कारखाना चालू हाये. उसाच्या बैलगाड्या बिनदिव्याच्या चालल्यात. पुढच्या वळणानंतर सावकाश घ्या." आम्ही चहा घेतला. वहिनींनीं त्याचें गांव विचारलें. त्यांच्या माहेराशीं त्याची ओळख निघाली. वळण आलें, आणि खरोखरच पुढें काळोखांत उसाच्या गाड्यांची रांग चाललेली होती. पुतण्यानें वेग कमी केलाच होता. तो कांहीं बोलला नाहीं. पण परत येतांना कोणीं न सांगतां त्याच टपरीपाशीं थांबला.

यंत्र चुकलें नव्हतें हें मी येथें मुद्दाम सांगतों. म्हाताऱ्यांनीं यंत्रास नांवें ठेवावीं आणि तरुणांनीं म्हाताऱ्यांस, यांत कोणाचेंच हित नाहीं. चाकणच्या कारखान्यांत बसून जीं मुलें हें यंत्र जुळवितात, त्यांची विद्या थोर आहे आणि ती आपल्या दाराशीं आली याचा मला आनंदच आहे. मागणें एवढेंच कीं, घंटा असो, भोंगा असो, कीं ही गोड बोलणारी वाटाड्याबाई असो, त्यांची चाकरी आपण करूं नये. आणि जो समोर उभा राहून "पाणी येईल" असें सांगतो, त्याचें वय, त्याचे कपडे आणि त्याचा बांक न पाहतां त्याचें ऐकावें.

नातवास अखेर उत्तर दिलें: बाई कोठें बसलेली नाहीं, आकाशांत घड्याळें आहेत. त्यानें थोडा विचार केला आणि विचारलें, "मग त्या घड्याळांना तो चहावाला ठाऊक आहे का?"

"नाहीं," मीं म्हटलें, "तो आपल्याला ठाऊक असावा लागतो."